राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा

हे मी कुणाकुणाला सांगितलं नाही त्याची यादी करायला बसले, तर तीत माझा नवरा येतो, माझी सख्खी बहीण येते, मुंबईच्या डॉक्टरीणबाई येतात. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे त्याला सांगायचं ते आता कायमचंच राहिलं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी वळते, गोष्ट सांगता सांगता माझी बाजू कशी सावरून घेते, ते मला चांगलं ठाऊक आहे. पस्तीस वर्षं मी तेच करत आले.

माझ्या मुलीचं नाव नंदा. आज ती चाळिशीला आली आहे. ती बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी काहीतरी चांगलं होईल म्हणून तुम्ही वाट बघत बसाल. माणसं तशीच वाचतात. मी पण तशीच वाचते.

आम्ही पूर्णेला राहत होतो. नंदाचे बाबा स्टेशनावर तिकीट खिडकीत होते. घर स्वतःचं, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर; गाडी आली की भांडी हलायची. घरात आम्ही दोघं, नंदा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पालमकडची शेती धाकट्या दिराकडे सोपवून त्या आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या — नंदासाठीच आल्या होत्या, हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर नजर ठेवायला आल्या.

नंदा साडेतीन वर्षांची होईपर्यंत आम्ही सगळं करून चुकलो होतो. हाक मारली तर बघायची नाही. डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवायची, तासन्‌तास. कुणी जवळ घेतलं तर अंग ताठ करायची. लोक म्हणाले बहिरी आहे. पण दोन खोल्यांपलीकडे राजगिऱ्याच्या लाडवाचा कागद वाजला की हीच बहिरी पळत यायची. मग म्हणाले बाहेरचं आहे. अंगारे झाले, दर्ग्यावरचा तावीज झाला, वैद्याचं चाटण झालं. शेवटी नंदाच्या बाबांनी रेल्वेचा पास काढला आणि आम्ही मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नंदाला दोन दिवस नुसतं खेळताना पाहिलं आणि सांगितलं, हा ऑटिझम. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाई म्हणाल्या, औषध नाही. पण लहान वयात, घरच्या घरी, रोज दोन-तीन तास एका पद्धतीनं शिकवलं तर पुष्कळ फरक पडतो. पाच-सहा वर्षांच्या आत जेवढं होईल तेवढं करून घ्या. आणि मग त्या हसल्या — तुमचं नशीब चांगलं आहे, म्हणाल्या, तुमच्याच पूर्णेची एक मुलगी आमच्याकडे वर्षभर शिकून परत गेली आहे.

ती निर्मला. बावीस वर्षांची, काटक, दोन वेण्या वर बांधलेली. वडील रेल्वेत गँगमन. सकाळी ती एका बालवाडीत शिकवायची आणि दुपारी दोन वाजता आमच्याकडे यायची. एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

तिची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आहे. खिडकीजवळ सतरंजी, समोरासमोर दोन पाट. एका पाटावर नंदा, दुसऱ्यावर ती. तिच्या डाव्या हाताला ताटलीत राजगिऱ्याच्या लाडवाचे मुगाएवढे तुकडे. ती म्हणायची, "नंदा, बघ." नंदानं चुकून जरी तिच्या डोळ्यांत पाहिलं — पापणी लवायच्या आत तुकडा तोंडात. आणि "शाब्बास!" पुन्हा, "नंदा, बघ." पुन्हा तुकडा. असं शंभर वेळा. नंदाला हाताला काही चिकटलेलं सहन व्हायचं नाही, किंचाळायची, म्हणून तुकडा तळहातावर ठेवून चालत नव्हतं. तोंडातच द्यावा लागायचा. फुटाणे करून पाहिले, चुरमुरे करून पाहिले. ती थुंकायची. लाडू म्हणजे लाडूच.

निर्मलानं मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "वहिनी, त्याच क्षणाला द्यावं लागतं, आणि ज्यानं बोलावलं त्याच्याच हातानं. दुसरीकडून आलं की लेकरू दुसरंच काहीतरी शिकतं. आपण शिकवतो ते लेकरू शिकत नाही, ज्याच्या मागून खाऊ येतो ते शिकतं." मी मान डोलावली. मी लग्नाआधी दोन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं होतं, मला हे चटकन कळलं. कळलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट. निर्मला बौद्ध होती. आम्ही मराठे. ती नामांतराची वर्षं होती — विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून अख्खा मराठवाडा दोन्हीकडून पेटलेला. आणि मी? मी नामांतराच्या बाजूची. उघड बाजूची. हळदीकुंकवाला गेले तरी वाद घालायची. एकदा तर शेजारच्या बाईंशी या विषयावर दोन महिने अबोला धरला होता. नंदाचे बाबा स्टेशनावर कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरात पुढारी आहे." निर्मला यायला लागली तेव्हा मी तिला आमच्याच कपात चहा दिला, आमच्याच बाजेवर बसवलं, आणि तिच्यासमोर कप मुद्दाम बाकीच्या कपांत विसळला. मुद्दाम — हा शब्द आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा अभिमान वाटायचा.

तिनं एकदा सांगितलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली ती सहावीत होती. गावात जाळपोळ झाली, आणि ते सगळे पूर्णेला येऊन चार दिवस फलाटावर राहिले. धाकटी बहीण तापानं फणफणलेली, आणि आई तिला पदरानं वारा घालत बसलेली. हे सांगताना ती लाडवाचे तुकडे करत होती. आवाज चढला नाही, उतरला नाही. मी रडले. खरंच रडले, तिचा हात हातात घेऊन. मी जे केलं ते त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच केलं.

नंदा सुधारत होती. हे मला नीट सांगायचं आहे, घाईघाईनं नाही. नवव्या दिवशी निर्मलानं हाक मारायच्या आधीच ती आपणहून पाटावर येऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात ती निर्मलाच्या डोळ्यांत दोन-दोन, तीन-तीन सेकंद बघायला लागली. माझ्याकडे तिनं असं कधीच पाहिलं नव्हतं. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी निर्मलानं तुकडा ओठांपाशी नेऊन थांबवला आणि म्हटलं, "दे." नंदा तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिच्या घशातून काहीतरी आलं. "द." नुसतं अर्धं. निर्मलानं तुकडा तोंडात घातला आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या चार दिवसांत ते "द" चौदा वेळा आलं. मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या.

आणि पाचव्या दिवशी मी निर्मलाला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की, उद्यापासून तुकडा मी देत जाईन. आत्याबाईंना तसं तोंडात घातलेलं चालत नाही. जुनं माणूस आहे. तुला कळतंय ना?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं, वहिनी," म्हणाली.

हे कारण मी पुढं सगळ्यांना सांगितलं. बहिणीला, मैत्रिणींना, नामांतरवाल्या बायकांना तर उसासा टाकून. काय करणार हो, आमच्या आत्याबाई जुन्या वळणाच्या. त्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. पण ते खोटं होतं. आत्याबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांना काय वाटत होतं ते मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग काय होतं? स्वतःशी मी एक दुसरं कारण बरीच वर्षं घोळवलं. असूया. आईची असूया — माझं लेकरू माझ्याआधी दुसऱ्या बाईच्या डोळ्यांत बघतं, दुसरीच्या हाताची वाट बघतं, हे कुठल्या आईला सोसेल? ऐकायला बरं वाटतं ना? माणूस समजून घेतो. मी आजही इथंच थांबू शकले असते आणि तुम्ही मला माफही केलं असतं.

पण असूया नव्हती. निदान ती नव्हती ज्यामुळे मी तसं केलं.

खरं असं आहे. निर्मला आल्यावर साबणानं हात धुवायची, कोपरापर्यंत. मग तुकडा उचलायची. तिची बोटं लाळेनं ओली व्हायची, नंदाच्या ओठांना लागायची, कधी दातांना लागायची. आणि दर वेळी — शंभर वेळा म्हणजे शंभर वेळा — मला किळस यायची. तिची. तिच्या बोटांची. मी ते दाबायची, दुसरीकडे बघायची, स्वतःला शिव्या घालायची. कपात चहा दिला तेव्हा काही झालं नव्हतं. हात हातात घेऊन रडले तेव्हा काही झालं नव्हतं. पण माझ्या मुलीच्या तोंडात ती बोटं — नाही. ते मला बघवत नव्हतं. का, म्हणून विचारू नका. मला ठाऊक आहे का, आणि तुम्हालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सतरंजीवर मध्ये बसायला लागले. निर्मला म्हणायची, "नंदा, बघ." नंदा बघायची तिच्याकडे, आणि तुकडा यायचा माझ्याकडून. एक क्षण उशिरा, बाजूनं. पहिले दोन दिवस नंदा गोंधळली. तिसऱ्या दिवशी तिला गंमत कळली. निर्मलाचा आवाज आला की ती मान वळवून माझ्या हाताकडे बघायला लागली. डोळ्यांकडे नाही, हाताकडे. आठवड्यात निर्मलाकडे बघणं थांबलं. "द" येईनासा झाला. भिंतीवरच्या रेघा होत्या तिथंच थांबल्या.

निर्मला काय करते ते मी बघत होते. तिनं खाऊ सोडून झाकण आणलं. नंदानं पाहिलं की ती स्वतः झाकण फिरवून द्यायची. थोडं चाललं, मग नंदाला झाकणच हवं झालं, माणूस नको झालं. तिनं गाणी म्हणून पाहिली. तिनं मुंबईला डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं, उत्तर आलं, ते मला वाचून दाखवलं: देणारा हात बदलला आहे का ते बघा. वाचताना ती त्या ओळीवर अडली नाही. आणि मी? मी म्हणाले, "बघ ना, आत्याबाईंचं काय करावं." ती रोज दोनला येत होती, घामाघूम होत होती, माझ्या खोट्याला वळसा घालून रस्ता शोधत होती. आणि मी तिच्या समोर बसून लाडवाचे तुकडे करत होते. नंदा चार वर्षांची झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली वर्षं अशी सरत होती, आणि ते मला रोज दिसत होतं.

तो दिवस उन्हाळ्याचा. दुपार. खिडकीला ओलं पोतं बांधलेलं. आत्याबाई नेहमी आतल्या खोलीत पडायच्या, पण त्या दिवशी उकाड्यानं बाहेर आल्या आणि दाराशी तांदूळ निवडत बसल्या. बराच वेळ त्या बघत होत्या. मला त्यांची नजर पाठीला लागत होती. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय गं निर्मला, तूच कामून देईनास लेकराला? ही कामून मधी बसायली? मागं किती चांगलं द-द करायली होती."

निर्मलाचा हात ताटलीपाशी होता, तो तिथंच राहिला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलावं म्हणून तिनं वाट बघितली, हे मला नक्की माहीत आहे. मी लाडवाचे तुकडे करत राहिले.

"तुम्हाला चालत नाही म्हणून, आजी," ती म्हणाली. अगदी मऊ.

"मला?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कवा म्हनले?"

बाहेर मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचा धडाड आवाज आला. नंदानं कान झाकले. आणि मी म्हणाले — आवाजसुद्धा कापला नाही माझा — "तुमीच म्हणल्या होत्या की, आत्याबाई. तुमच्या ध्यानात नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? दोन सेकंद असतील, तीन असतील. त्या बाईला सगळं कळलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण तिला माझ्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते दिसलं. आणि तिनं काय केलं? तिनं ते आपल्या अंगावर घेतलं.

"म्हनले आसन, बाई," त्या म्हणाल्या. "म्हातारपनी काय ध्यानात ऱ्हायलंय माझ्या. पन आता म्हनायले ना. दे तू, निर्मला. तुझ्या हातानं दे. लेकरू बोललं पायजे, बाकीचं जाऊ दे चुलीत."

म्हणजे आता काही आडवं राहिलं नव्हतं. बघा तुम्ही. माझं कारण त्या म्हातारीनं माझ्या हातून काढून घेतलं, वर माझी अब्रूही झाकली. मला फक्त गप्प बसायचं होतं. फक्त बसून राहायचं होतं. याहून सोपं काही कुणी कुणासाठी करून ठेवलं असेल का?

निर्मलानं ताटलीतला तुकडा उचलला. नंदासमोर धरला. नंदा माझ्या हाताकडे बघत होती, मग तिला लाडवाचा वास आला असेल, तिनं मान वळवली. किती दिवसांनी तिनं निर्मलाकडे पाहिलं. निर्मला म्हणाली, "दे." नंदानं तोंड उघडलं.

आणि मी निर्मलाचं मनगट धरलं.

ठरवून नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण हात माझाच होता. घट्ट धरलं होतं — नंतर पाहिलं तर तिच्या काचेच्या बांगडीचा वळ माझ्या बोटांवर उठला होता. तिच्या कातडीला हात लावायला मला काही वाटलं नाही, बघा. नंदाचं तोंड तसंच उघडं होतं. ती वाट बघत होती. तिच्या ओठांच्या आणि त्या तुकड्याच्या मध्ये वीतभर अंतर होतं, आणि त्या अंतरात मी होते. मग नंदानं तोंड मिटलं.

निर्मलानं मनगट सोडवून घेतलं नाही. मी सोडेपर्यंत थांबली. मग तुकडा ताटलीत परत ठेवला, मोरीपाशी जाऊन हात धुतले, पदराला पुसले. पिशवीतून एक वही काढून खिडकीत ठेवली. पुढच्या तीन महिन्यांचे पाठ तिनं आधीच लिहून ठेवले होते, कुठल्या आठवड्यात काय, सगळं सुवाच्य अक्षरात. नंदाच्या डोक्यावरून फिरवायला तिनं हात उचलला होता, पण माझ्याकडे पाहिलं आणि फिरवला नाही. आत्याबाईंच्या पाया पडली. "येते, आजी," म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

आत्याबाईंनी सूप उचललं आणि तांदूळ निवडायला लागल्या. त्यानंतर पाच वर्षं त्या जगल्या. या विषयावर एक शब्द नाही. भावकीतली माणसं आली आणि नंदाच्या बाबांनी, मी सांगितलं तसंच, सांगितलं की आईमुळं शिकवणारी बाई टिकली नाही, तेव्हासुद्धा त्या समोर बसून होत्या. खाली बघून वात वळत होत्या. मीही समोर होते.

नंदाच्या बाबांना मी त्या संध्याकाळी सांगितलं की निर्मला यायची बंद झाली, तिला अपमान वाटला, आत्याबाई काहीतरी बोलल्या. ते तिला समजवायला जायला निघाले होते. चप्पल घातली होती. मी म्हटलं, कशाला तिला आणखी संकोचात टाकता, मी करते ना, वही आहे. त्यांनी चप्पल काढली. डॉक्टरीणबाईंना मी लिहिलं की निर्मलाचं लग्न ठरलं. हे का लिहिलं? कारण त्यांना आत्याबाईंचं कारण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही काय केलंत?

एकदा मी गेले होते. गँगमन लोकांच्या चाळीपर्यंत. तिची आई बाहेर धुणं वाळत घालत होती. मी तिला विचारलं, इथून मोंढ्याकडे जायला रस्ता कुठला. पूर्णेत आठ वर्षं राहणारी मी. तिनं हात करून रस्ता दाखवला आणि मी त्या रस्त्यानं गेले. पुढं ऐकलं की निर्मला नांदेडला एका शाळेत लागली. चांगलं काम करते म्हणे, तिच्या हातची मुलं बोलतात म्हणे.

मी वही घेऊन बसले. रोज, दोन वाजता. त्यात कसर केली नाही, हेही सांगते, पण त्यानं काही फिटत नाही. नंदा बसायला शिकली, ताट धरायला शिकली, बटणं लावायला शिकली. "द" परत आला नाही. तोंड उघडायची, वाट बघायची, मी तुकडा घालायची. आवाज नाही. निर्मलाला जे जमलं होतं ते काय होतं, मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. चौकात पेढे वाटत होते. नंदाचे बाबा आणि मी नंदाला घेऊन गेलो होतो, ती दहा वर्षांची. ओळखीच्या एका बाईंनी चारचौघांत माझा हात वर केला, म्हणाल्या, या बघा, या पहिल्यापासून आपल्या बाजूनं होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. एक म्हातारी पुढं आली, नऊवारी, कपाळ मोकळं. तिनं पेढ्याचा तुकडा मोडला आणि कौतुकानं नंदाच्या तोंडाशी नेला. या वेळी मी कुणाला अडवलं नाही. गरजच पडली नाही. नंदानं ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि माझ्या हाताकडे बघायला लागली.

म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून मी तो तुकडा तिच्याकडून घेतला आणि नंदाला दिला. नंदानं खाल्ला. सगळे हसले.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. परभणीला दवाखान्यात आठ दिवस होते. नंदाला सांभाळायला पालमहून माझी जाऊ आली. जीव ओतून करणारी बाई. तिनं भात भरवला, वरण भरवलं, राजगिऱ्याचा लाडूसुद्धा आणला. शेजारणीनं करून पाहिलं. नंदानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा कसंबसं. चौथ्या दिवशी ती चक्कर येऊन पडली आणि तिला माझ्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, सलाईन लावलं. मला सहाव्या दिवशी सांगितलं. मी पोटाला हात धरून जिना चढले, पेज मागवली आणि भरवली. ती वाटीभर प्यायली, माझ्या बोटांवरची नजर न काढता.

जाऊ पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "किती आईवेडी पोरगी आहे हो, ताई."

मी म्हणाले, "हो."

मी पासष्टीला आले आहे. नंदाची तब्येत चांगली आहे, ती पुष्कळ जगेल असं डॉक्टर म्हणतात. ती आईवेडी नाही. तिला दुसऱ्याच्या हातचं खायचं नसतं, एवढंच तिला येतं, आणि ते तिला मी शिकवलं.